पलंग, दिशा आणि धुराडं

फेंगशुईबद्दल शिकल्यासवरल्या मराठी माणसाला छेडलं, तर तीन उत्तरं मिळतात. श्रद्धाळू म्हणतो, पलंग चुकीच्या जागी असेल तर घरातलं आजारपण हटत नाही. नास्तिक म्हणतो, सगळं थोतांड आहे. तिसरं उत्तर समंजस वाटतं आणि म्हणूनच सर्वांत जास्त ऐकू येतं: ‘शब्दशः खरं नसेल, पण एवढ्या जुन्या लोकांचा अनुभव आहे, त्यामागे आरोग्याचं काही शास्त्र असणारच. आणि पलंग जरा सरकवून पाहायला जातंय काय?’

माझ्या मते या तिघांत सर्वांत उथळ मत हे तिसरं आहे. श्रद्धाळू निदान त्या पद्धतीचं म्हणणं आहे तसं मानतो, नास्तिक ते आहे तसं नाकारतो. मधला माणूस मात्र ते वाचतच नाही. आपल्याला पटतील तेवढे चार नियम उचलतो, त्यांना ‘प्राचीन स्वच्छताशास्त्र’ अशी चिठ्ठी लावतो आणि बाकीच्यांकडे काणाडोळा करतो. माझं म्हणणं असं की, बेडरूमबद्दलचे फेंगशुईचे नियम आरोग्यासाठी झालेलेच नाहीत. त्यांना आरोग्याचे नियम म्हणून वाचलं की त्या परंपरेचंही नीट आकलन होत नाही आणि घर माणसाला खरोखर आजारी कसं पाडतं हा प्रश्नही बाजूला पडतो. हा आक्षेप पाश्चात्त्य विज्ञानाकडून उसना आणलेला नाही. तो चीनमध्येच सतराशे वर्षांपूर्वी आणि आजच्यापेक्षा धारदार शब्दांत घेतला गेला होता.

१. नियमांची दोन घराणी

बेडरूमचे नियम एका जातीचे नाहीत, हे आधी लक्षात घ्यायला हवं. पहिलं घराणं डोळ्यांना दिसणाऱ्या आकारांचं. झोपताना पाय दाराकडे नकोत, कारण प्रेत तसं बाहेर नेतात. पलंगावरून दार दिसावं, पण पलंग दाराच्या सरळ रेषेत नसावा. उशामागे भक्कम भिंत असावी, खिडकी नसावी. अंगावर तुळई येऊ नये. पलंगासमोर आरसा नको, खोलीत मत्स्यालय नको, उशाच्या भिंतीपलीकडे संडास तर मुळीच नको.

दुसरं घराणं गणिताचं. मिंग-छिंग काळात रूढ झालेल्या अष्टगृह पद्धतीत माणसाचं जन्मसाल आणि तो पुरुष की स्त्री, यावरून एक अंक काढतात. त्या अंकानुसार आठ दिशांपैकी चार त्याला शुभ, चार अशुभ. शुभ दिशांपैकी एकीचं नाव ‘स्वर्गीय वैद्य’. आजारी माणसाचं डोकं तिकडे असावं असं सांगतात. अशुभांपैकी सर्वांत वाईट दिशा म्हणजे ‘आयुष्याचा अंत’. ‘उडत्या ताऱ्यां’ची आणखी एक पद्धत आहे. तिच्यात दोन क्रमांकाचा तारा आजाराचा, आणि तो दरवर्षी घरातली जागा बदलतो. २०२४ साली तो आग्नेयेला होता, २०२५ साली घराच्या मध्यभागी, २०२६ साली वायव्येला. ज्या खोलीत तो येईल तिथे धातूची वस्तू टांगायची.

मधल्या मार्गाचा माणूस नेहमी पहिल्या घराण्यातली उदाहरणं देतो. संडासाची भिंत, तुळई, आरसा. यांना काहीतरी कारण जोडता येतं. आग्नेयेचा आजार वर्षभरात मध्यभागी येतो, त्यामागे कोणतं स्वच्छताशास्त्र असेल, हे तो सांगत नाही. पण फेंगशुईच्या जाणकाराला विचारा: त्याच्या लेखी गणित हाच विद्येचा गाभा आहे, आणि आरसे-तुळयांचे नियम कुणीही सांगू शकतो.

२. आजार कोणत्या रांगेत उभा आहे

या विद्येचा जुना आधारग्रंथ म्हणून ‘दफनाचा ग्रंथ’ दाखवतात. तो गुओ पू (इ.स. २७६–३२४) याच्या नावावर आहे. नावच सांगतं की विषय कबरीचा आहे. पूर्वजांची हाडं योग्य जागी निजवली तर तिथली ऊर्जा वंशजांपर्यंत पोचते, ही त्यातली मूळ कल्पना. मेलेल्यांचं घर आणि जिवंतांचं घर या एकाच विद्येच्या दोन शाखा आहेत. बेडरूमचे नियम दुसऱ्या शाखेतले, पण तर्क तोच: योग्य जागी योग्य दिशेने निजणं आणि त्यातून कुळाचं भलं होणं.

ते भलं म्हणजे काय, हे सुताराच्या पट्टीवर लिहिलेलं आहे. चिनी सुतारांचा आद्य गुरू लू बान. त्याच्या नावाने पंधराव्या शतकाच्या सुमारास एक सुतारकामाची पोथी तयार झाली. त्याच्याच नावाची एक पट्टी आहे. ती साधारण ४३ सेंटिमीटरांची, तिच्यावर आठ खण. खणांची नावं ढोबळपणे अशी: धन, आजार, ताटातूट, सचोटी, सरकारी पद, लूट, हानी आणि शुभारंभ. दाराची चौकट, मेज, पलंग यांची मापं चांगल्या खणात पडतील अशी घ्यायची. हाँगकाँग आणि तैवानमध्ये आजही मिळणाऱ्या कितीतरी मोजपट्ट्यांवर सेंटिमीटरांच्या जोडीला हे खण छापलेले असतात, शुभ लाल शाईत, अशुभ काळ्या.

आजार इथे धन आणि ताटातूट यांच्यामध्ये बसला आहे. तो फुफ्फुसात किंवा पोटात घडणारा प्रकार नाही. अपयश, घटस्फोट, चोरी, हुकलेली बढती यांच्या रांगेतली ती एक अशुभ घटना आहे, आणि पलंगाची रुंदी पाचेक सेंटिमीटर बदलली की ती जाऊन दुसरी येते. यात मूर्खपणा आहे असं मी म्हणत नाही. दैव नावाच्या गोष्टीचं हे अतिशय सुसंगत व्याकरण आहे. पण त्या व्याकरणात आरोग्याला वेगळं प्रकरण नाही. जिथे सर्दी आणि बदली एकाच कोष्टकात मोजल्या जातात, तिथे ‘जुन्या लोकांचं आरोग्यशास्त्र’ शोधणं हा वाचकाचा हट्ट झाला.

३. एक पलंग, अनेक उत्तरं

समजा, तरीही हा अनुभवाचा साठा आहे. मग अनुभवाची एक खूण असायला हवी: वेगवेगळ्या वाटांनी गेलेले लोक जवळपास सारख्या निष्कर्षाला यायला हवेत. कडुनिंब कडू आहे हे सगळ्यांनाच कळतं. इथे नेमकं उलट घडतं.

अष्टगृह पद्धतीने हिशेब करून पाहा. चिनी सौरवर्ष फेब्रुवारीच्या सुरुवातीला बदलतं, म्हणून जन्म फेब्रुवारीनंतरचा धरू. १९७० साली जन्मलेल्या पुरुषाचा अंक तीन. त्याला उत्तर ही ‘स्वर्गीय वैद्या’ची दिशा. १९७१ साली जन्मलेल्याचा अंक दोन. त्याला तीच उत्तर म्हणजे ‘आयुष्याचा अंत’. शाळेत एक इयत्ता पुढे-मागे असलेली ही दोन मुलं. १९७० च्या पुरुषाची बायको १९७२ ची असेल, तर त्याला आरोग्य देणारी उत्तर तिच्यासाठी ‘पाच पिशाच्चं’ नावाची अशुभ दिशा ठरते. दोघांना एकच पलंग आहे. यावर तडजोडी सांगतात, उदाहरणार्थ घरच्या कर्त्याचा अंक धरा. पण ती तडजोड शरीराशी नव्हे, कुटुंबातल्या अधिकाराशी केलेली आहे.

पुढे जा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिन युन या गुरूने अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे, फेंगशुईचा एक नवा पंथ लोकप्रिय केला. त्यात होकायंत्र जवळपास बादच आहे. खोलीचं दार ज्या भिंतीला असेल ती भिंत तळाची धरून आठ क्षेत्रं मांडायची. जुन्या पंथाचा जाणकार ज्या कोपऱ्याला एक नाव देतो त्याला हा दुसरंच देतो. दिशेत काही शक्ती असेल तर दाराच्या हिशेबाने ती कशी वळते, हे कुणी तरी सांगायला हवं होतं.

चीनच्या आतच पाहायचं तर उत्तरेकडच्या खेड्यांत ‘कांग’ असतो, म्हणजे खालून धूर-उष्णता फिरवलेला विटांचा ओटा. हिवाळ्यात सगळं कुटुंब त्यावर ओळीने झोपतं, आणि डोकी बहुतेक ओट्याच्या मोकळ्या कडेकडे, पाय भिंतीकडे. उशामागे भक्कम भिंत नाही. ज्याच्या-त्याच्या अंकाप्रमाणे वेगवेगळी दिशा तर शक्यच नाही. कांग कुठे बांधायचा हे चुलीचा आणि धुराच्या वाटेचा मेळ ठरवतो. त्या थंडीत जगणाऱ्या कोट्यवधी लोकांचा अनुभव नेमका कोणत्या फेंगशुई पुस्तकात जमा झाला?

आपल्याकडे गुंतागुंत आणखी वाढते, कारण एकच सल्लागार वास्तू आणि फेंगशुई दोन्ही बघून देतो. दक्षिणेकडे पाय करून झोपू नये, म्हणजे उत्तरेला डोकं नको, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. ते वय किंवा जन्मसाल विचारत नाही. फेंगशुईच्या हिशेबाने १९७० च्या माणसाला मात्र उत्तरच औषध. दोन्ही एकाच वेळी ‘अनुभवाचं शास्त्र’ असू शकत नाहीत.

इथे हमखास चुंबकत्व येतं. पृथ्वीला चुंबकक्षेत्र आहे, रक्तात लोह आहे, म्हणून डोक्याची दिशा रक्ताभिसरणावर परिणाम करते, असा युक्तिवाद. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेलं असतं; ते खिळ्यासारखं चुंबकाकडे ओढलं जात नाही. साध्या एमआरआय यंत्राचं क्षेत्र दीड टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट. त्यात अर्धा तास पडून राहिलेल्या माणसाचं रक्त डोक्याकडे किंवा पायांकडे गोळा होत नाही. शिवाय चुंबकाला जन्मसाल कळत नाही, हे वेगळंच.

४. रेशमाच्या किड्यांचा दाखला

आता मूळ मुद्द्याकडे. हा वाद चीनला नवा नाही. पहिल्या शतकातला वांग छोंग हा खोचक विचारवंत. त्याच्या काळी आडनावाचा उच्चार आणि घराच्या दाराची दिशा जुळवण्याचं शास्त्र चालत असे. त्याने विचारलं: दारच का? माणूस सकाळ-संध्याकाळ घालवतो ती खोलीत. दार जमिनीचा केवढासा तुकडा व्यापतं. मग हिशेब खोलीचा का नाही? आणि सरकारी कचेऱ्यांत अधिकाऱ्यांच्या राहायच्या खोल्या एका रांगेत, एका घडणीच्या असतात, त्यांचे आकडे कुणी का काढत नाही? पहिल्या प्रश्नाचा पुढच्या काळात गमतीशीर निकाल लागला. शास्त्राने प्रश्न ऐकला आणि हिशेबात निजायची खोलीही घातली. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, आणि आजच्या एकसारख्या फ्लॅटच्या मनोऱ्यांत तो जास्तच टोचतो.

तिसऱ्या शतकात वाद थेट आपल्या विषयावर आला: घराच्या शुभाशुभाचा आरोग्य आणि आयुष्याशी संबंध आहे का? रुआन खान याच्या नावावर असलेला निबंध म्हणतो, नाही. जी खांग, त्या काळचा मोठा कवी-तत्त्वज्ञ, त्याला उत्तर देतो. पहिला प्रत्युत्तर देतो, दुसरा पुन्हा लिहितो. असे चार निबंध टिकले आहेत, आणि आपल्या वर्तमानपत्री वादांपेक्षा त्यांची पातळी बरीच वर आहे.

रुआनचा दाखला रेशमाच्या किड्यांचा. ज्याला किडे पाळायचं ज्ञान नाही, त्याला पावलोपावली विटाळ आणि अपशकुन दिसतात: हे बोलू नये, त्याला हात लावू नये. रेशीम येत नाही तसतसे निषेध वाढत जातात, आणि तरीही तो समजतो की आपल्याच हातून कुठलासा नियम मोडला. मग कुणीतरी त्याला किडा शिकवतो: तुतीचा पाला, शेकोटीची ऊब, थंडी, कोरडेपणा, ओल. त्यानंतर शंभर निषेध आपोआप गळून पडतात आणि उत्पन्न दसपट होतं. ज्याला दीर्घायुष्य हवं, त्याने आधी आजार कुठून येतो ते ओळखावं, असं त्याचं सूत्र.

निषेध का फोफावतात, याची ही मी वाचलेली सर्वांत नेमकी मांडणी आहे. कारण माहीत नसलं की प्रत्येक अपयश नव्या नियमाला जन्म देतं. पलंग हलवूनही सांधे दुखतात, तर मग आरसा असेल; आरसा काढूनही दुखतात, तर यंदा आजाराचा तारा या खोलीत आला असेल. नियमांच्या अशा यादीला शेवट नसतो, आणि कोणताही एक नियम खोटा ठरत नाही, कारण चूक नेहमी पाळणाऱ्याची निघते.

जी खांगचं उत्तर कच्चं नव्हतं, ते टाळून पुढे जाणं लबाडी होईल. तो म्हणतो, घर एकटं सगळं करतं असं कुणीच म्हणत नाही. शेतकरी चांगला हवा, तण काढायला हवं, पण जमीनही सुपीक हवी. सगळं जुळलं तर कोठार भरतं. आपल्याला अजून न कळलेल्या गोष्टी नाहीतच, असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? म्हणजे आजच्या मधल्या मार्गाचा ‘अनेक घटकांपैकी एक’ हा युक्तिवाद तोच करतो, फक्त जास्त चांगल्या भाषेत.

पण उपमेत एक फट आहे. जमीन सुपीक आहे की नाही हे शेतकऱ्याच्या नशिबावरून ठरत नाही. त्याच शेतात दुसऱ्याने पेरलं तरी दिसतं. माती हातात घेऊन, पीक मोजून दिसतं. घराची शुभता मात्र राहणाऱ्याचं काय झालं यावरूनच, आणि तेही मागाहून कळते. घटक अनेक असतील, पण प्रत्येक घटक वेगळा काढून तपासता आला पाहिजे. जो तसा काढताच येत नाही, त्याला घटक म्हणून मोजणं ही फक्त त्याची भलामण आहे.

५. घर आजारी पाडतंच

इथवर वाचून नास्तिक खूश होईल, म्हणून त्यालाही थांबवायला हवं. घराचा आरोग्याशी संबंध नाही, असं मी म्हणत नाही. संबंध आहे, आणि भयंकर आहे.

चीनच्या युनान प्रांतात श्वानवेई नावाचा भाग आहे. तिथल्या स्त्रियांमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वाधिक मानलं गेलेल्यांपैकी होतं, आणि त्या स्त्रिया तंबाखू जवळपास ओढत नव्हत्या. कारण घरात होतं: धुरकट दगडी कोळसा, घराच्या आतच उघड्या खड्ड्यात पेटवलेला, धूर जायला वाट नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे धुराडं असलेल्या चुली आल्या. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ पाहणीत दिसलं की, चूल बदललेल्या घरांत हा कर्करोग होण्याची शक्यता पुरुष आणि स्त्रिया दोघांतही जवळपास निम्म्यावर आली.

आता ही गोष्ट फेंगशुईच्या शेजारी ठेवून पाहा. छिंग काळापासून जिवंतांच्या घराची ‘तीन मुख्य अंगं’ सांगतात: दार, मुख्य शयनगृह आणि चूल. म्हणजे चूल या विद्येच्या नजरेआड नव्हती, अगदी केंद्रस्थानी होती. चुलीचं तोंड कोणत्या दिशेला, हे बारकाईने पाहिलं जात होतं. धूर कुठे जातो, हे त्या हिशेबात नव्हतं. रुआन खानच्या भाषेत बोलायचं तर किडा कुणी शिकवलाच नव्हता.

दुसरं उदाहरण बेडरूमच्या अधिक जवळचं, आणि वरवर फेंगशुईच्या बाजूचं. २००३ च्या मार्चमध्ये हाँगकाँगच्या आमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची साथ फुटली. तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. वसाहतीचे मनोरे ३३ मजली, मजल्यावर आठ फ्लॅट. ई मनोऱ्यात रुग्ण सगळीकडे सारखे विखुरलेले नव्हते. ठरावीक क्रमांकाच्या, एकावर एक उभ्या असलेल्या फ्लॅटमध्ये ते जास्त होते. म्हणजे एकाच दिशेला तोंड असलेले, एकाच आराखड्याचे फ्लॅट. शिवाय संशय संडास-बाथरूमकडे जात होता. एखादा सल्लागार इथे विजयी मुद्रेने म्हणू शकला असता, बघा, दिशा आणि संडास दोन्ही निघाले ना!

तपासात निघालं ते असं. एकावर एक असलेल्या त्या फ्लॅटना दिशा समान होती, तसा सांडपाण्याचा उभा नळही समान होता. बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखाली इंग्रजी ‘यू’च्या आकाराचा वाकलेला नळ असतो, आपले प्लंबर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. त्यातलं पाणी घाण वाफेला अडवतं. बऱ्याच घरांत जमीन धुण्याऐवजी पुसली जायची, त्यामुळे ट्रॅप कोरडे पडले होते. बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा लावला की उभ्या नळातले विषाणूभरले तुषार घरात ओढले जात, आणि तिथून बाहेरच्या अरुंद पोकळीतून वर चढत. यावरचा उपाय हाँगकाँगचं आरोग्य खातं आजही सांगतं: आठवड्यातून एकदा जमिनीच्या जाळीत अर्धा लिटर पाणी ओता.

‘संडास उशाजवळ नको’ या नियमाने संशय बरोबर जागी नेला असता, हे मान्य करू. पण हातात दिलं असतं ते चुकीचं: कमोडचं झाकण बंद ठेवा, दाराला पडदा लावा, झाड ठेवा, पलंग सरकवा. अर्धा लिटर पाण्यापर्यंत तो नियम कधीच पोचला नसता, कारण त्याच्या जगात संडास अशुभ आहे, नळ नाही. म्हणून ‘नियमात थोडं तथ्य आहे’ हे म्हणणं मला पुरेसं वाटत नाही. तथ्याचा स्पर्श आणि तथ्याची पकड यांत तीनशे रुग्णांचं अंतर असू शकतं.

६. तीन आक्षेप

पहिला: विज्ञानही चुकतं. चुकतंच, आणि हाँगकाँगमध्येच चुकलं. १८९४ च्या प्लेगमध्ये येर्सिन या जंतुशास्त्रज्ञाने तिथे प्लेगचा जंतू शोधला, पण इंग्रज अधिकाऱ्यांचा भर घाण आणि कोंदट हवेवर होता. त्यांनी ताइपिंगशान ही चिनी वस्ती रिकामी करून पाडली. दोन वर्षांनी प्लेग मुंबईत आला. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि दाट वस्तीत समुद्रावरचा वारा शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले गेले. वाऱ्यावर एवढा विश्वास तर फेंगशुईचाही नसेल! त्याच १८९८ साली सिमाँ या संशोधकाने कराचीत दाखवलं की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून येतो. त्याला आधी फारसं कुणी मानलं नाही. काही वर्षांनी परळच्या प्रयोगशाळेतल्या प्लेग-तपासणीने ते पक्कं केलं. म्हणजे वाऱ्याचा सिद्धांत प्लेगपुरता हरला. त्याला हरवता येईल असा प्रश्न कुणीतरी विचारू शकलं, आणि हरल्यावर तो मागे घेतला गेला. पलंगाच्या दिशेचा कोणता नियम आजवर हरल्यामुळे मागे घेतला गेला आहे?

दुसरा: मनाला बरं वाटतं, तेवढं पुरे. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण खोलीचा मनावर परिणाम होतोच. रॉजर उलरिच याने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकं कमी लागली. पलंगावरून दार दिसलं तर काहींना निर्धास्त झोप लागत असेल, हेही शक्य आहे. पण मनाचा हा रस्ता दुहेरी आहे. १९९३ साली ‘लॅन्सेट’मध्ये डेव्हिड फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी २८,००० हून अधिक चिनी-अमेरिकनांच्या मृत्यूंचा अभ्यास छापला: जन्मसाल आणि आजार यांची जोडी चिनी ज्योतिषात अशुभ मानलेली असेल, तर माणूस १.३ ते ४.९ वर्षं आधी मरतो, असा त्यांचा निष्कर्ष. गॅरी स्मिथ याने २००६ साली आकडे पुन्हा तपासून तो निष्कर्ष टिकत नाही असं दाखवलं. यातलं कोण बरोबर, हा निवाडा माझ्या युक्तिवादाला लागतच नाही. फिलिप्स बरोबर असेल, तर ‘तुमची खोली आजाराच्या ताऱ्याखाली आहे’ असं सांगणं हेच इजा करणारं आहे. स्मिथ बरोबर असेल, तर अशा समजुतीचा शरीरावर मोजण्याजोगा परिणामच नाही, मग आरोग्याचं नाव घेऊ नका. ‘जातंय काय?’ या प्रश्नाला दोन्हीकडून उत्तर मिळतं.

आणि वेळही जातो. रात्री घोरता घोरता श्वास अडकणाऱ्या माणसाला दिवसा थकवा येतो, रक्तदाब चढतो. त्याच्या घरी आरसा झाकण्यात गेलेले सहा महिने त्याच्या हृदयाच्या खात्यातून वजा होतात.

तिसरा आक्षेप संस्कृतीचा: परक्यांच्या श्रद्धांची चिरफाड कशाला? इथे माझा अर्धा होकार आहे. पाय दाराकडे करून न झोपणं हा मृत्यूचा मान राखण्याचा शिष्टाचार आहे, आपल्या दक्षिणेच्या निषेधासारखाच. तो शिष्टाचार म्हणून कुणी पाळत असेल तर त्याला वैद्यकाचा दाखला मागणं असंस्कृतपणाचं होईल. मीही दक्षिणेकडे पाय करत नाही. पण ‘चिनी शहाणपण’ म्हणून आपण जे विकत घेतो त्यात वांग छोंग नाही आणि रुआन खानही नाही. एका संस्कृतीच्या वादातली एकच बाजू उचलून तिला ती संस्कृती म्हणणं, याला आदर म्हणता येत नाही.

७. ज्यांना पलंग हलवता येत नाही

एक शेवटची अडचण राहते, आणि ती मला सर्वांत जास्त खटकते. पलंग कुठे ठेवावा हा प्रश्न ज्याच्यापुढे आहे, त्याच्याकडे पलंग ठेवायला एकापेक्षा जास्त जागा आहेत. हाँगकाँगमध्ये दोन लाखांहून अधिक लोक एकाच फ्लॅटचे तुकडे पाडून केलेल्या खोल्यांत राहतात. २०२१ च्या जनगणनेनुसार अशा घरांत माणशी साधारण सहा चौरस मीटर जागा येते. तिथे पलंग एकाच भिंतीला लागू शकतो. पायाशी दार असतं, उशाशी संडास, आणि काही खोल्यांना खिडकीच नसते. मुंबईतल्या दहा बाय दहाच्या खोलीत चार माणसं निजतात, तिथेही हेच. आजार या खोल्यांत जास्त असतात, आणि फेंगशुईच्या पुस्तकाप्रमाणेही ते असायलाच हवेत. पुस्तक चुकीचं ठरत नाही. फक्त त्याच्याकडे या माणसांसाठी वाक्य नाही. खिडकी किती मोठी असावी, दोन इमारतींत किती अंतर हवं, सांडपाण्याचा नळ कसा असावा, याची वाक्यं इमारतीच्या नियमावलीत असतात, आणि ती अमलात येण्यासाठी भांडावं लागतं ते घरमालकाशी आणि महापालिकेशी.

यावर चांगले सल्लागार म्हणतात, आम्हीही हेच सांगतो: हवा खेळती ठेवा, ओल काढा, अडगळ हटवा, रात्री उजेड कमी करा. सांगत असतील, त्यात चूक काहीच नाही. खेळती हवा १९७० च्या माणसाला लागते तशीच १९७१ च्या माणसालाही लागते. मग एवढं सांगण्याआधी जन्मसाल कशाला विचारता?